पाळीचे व्याकरण : एका कल्पित बास्केटबॉल साखळीच्या निवडनियमांचे परीक्षण

(१)

काव्य, नाटक, कादंबरी यांचे परीक्षण आपण नित्य करतो. कायद्याच्या भाषेचाही विचार अधूनमधून होतो. खेळांचे नियम हा गद्यप्रकार मात्र समीक्षकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. वस्तुतः नियमाच्या गद्याइतकी कठोर कसोटी अन्य गद्याची क्वचितच लागते. निबंधातील संदिग्ध वाक्य वाचक सांभाळून घेतो. नियमातील संदिग्ध वाक्यावरून दोन माणसे भांडतात, आणि पुष्कळदा दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा नियमपत्रिकेचे परीक्षण करावयाचे आहे.

मागील पावसाळ्यात आमच्याकडील काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संगणकावर चालणारी एक कल्पित बास्केटबॉल साखळी उभी केली. गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ, म्हणून संघही आठ : गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. खेळाडू मात्र अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक साखळीचे, आणि तेही सर्व काळांतील. प्रत्येक विद्यार्थी एका संघाचा 'मालक'. त्याने आपल्या पाळीस एकेक खेळाडू निवडावयाचा, आणि त्या खेळाडूंच्या नोंदलेल्या कामगिरीवरून संगणकाने सामने खेळवून निकाल द्यावयाचा. पैशाचा व्यवहार यात मुळीच नव्हता. तेव्हा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने २०२५ साली जो कायदा केला, त्याचा येथे प्रश्न येत नाही.

नियमपत्रिका तेरा कलमांची होती. ती तपासण्यासाठी माझ्याकडे आली. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारले, 'टर्न'च्या जागी 'पाळी' आणि 'प्लेअर'च्या जागी 'खेळाडू' हे शब्द घातले व पत्रिका परत केली. साखळी निवडीच्या तिसऱ्या फेरीतच मोडली. ती का मोडली याचा शोध घेताना माझ्या ध्यानात आले की, मी शुद्धलेखन तपासले होते. अर्थ तपासला नव्हता. या परीक्षणात दोषदिग्दर्शन होईल त्यात प्रथम वाटा माझा आहे, हे आरंभीच नमूद करणे उचित होय.

(२)

प्रथम 'ड्राफ्ट' या शब्दाचा विचार करू. मराठीत हा शब्द तीन अर्थांनी परिचित आहे : लेखाचा मसुदा, बँकेचा धनाकर्ष, आणि अलीकडे खेळाडूंची पाळीपाळीने निवड. विद्यार्थ्यांच्या पत्रिकेचे शीर्षकच 'ड्राफ्टच्या नियमांचा ड्राफ्ट' असे होते. तिसरा अर्थ आता महाराष्ट्राच्या मातीतील खेळांपर्यंत पोहोचला आहे. ज्या खो-खोचे नियम १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने बांधून दिले, त्याच खेळाची व्यावसायिक साखळी २०२२ साली पुण्यात भरली. तेव्हा सहा संघांनी लिलावाऐवजी ड्राफ्ट पद्धतीनेच आपले खेळाडू घेतले.

तथापि, पाळीने गडी वाटून घेणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात. उरलेल्या भिडूंपैकी तुल्यबळ असे दोघे-दोघे बाजूला जातात, आपापली गुप्त नावे ठरवितात आणि परत येऊन विचारतात, 'चंद्र हवा की सूर्य?' म्होरक्याने नाव निवडावयाचे, माणूस नव्हे. आरंभ कोणी करावयाचा हे खापरीच्या ओल्या-सुक्या बाजूवरून ठरते. अगदी लहान मूल असेल तर ते 'लिंबूटिंबू' म्हणून घेतले जाते. ते खेळते, परंतु बाद होत नाही. या सर्व व्यवस्थेचा एक शब्दही कोठे लिहिलेला नसतो, आणि तरीही ती चालते. याचे कारण असे की, शंका आली तर ती सोडविणारी मंडळी त्याच अंगणात उभी असतात.

कल्पित साखळीत अंगण नसते. आठ मालक आठ गावी. मध्ये फक्त लिहिलेला नियम. शिवाय आणखी एक भेद आहे, आणि तो माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. खऱ्या बास्केटबॉलमध्ये निवड ही खेळाची पूर्वतयारी होय; पुढे चेंडू आहे, धावणे आहे, चुकणे आहे. येथे मालकाच्या हाती असलेली मुख्य क्रिया निवड हीच आहे. म्हणून निवडीचे नियम हे खेळाचे नियम नसून, खेळच आहेत. ते बिघडले तर मागे काहीही उरत नाही.

(३)

आता ज्या कलमावर साखळी मोडली ते चौथे कलम पाहू. त्याचा पाठ असा होता : 'मालकाने आपली पाळी आल्यावर २४ तासांच्या आत खेळाडू निवडावा, न निवडल्यास पाळी पुढे जाईल.'

वाक्य साधे, शुद्ध आणि वरवर पाहता निःसंदिग्ध आहे. परंतु 'पाळी पुढे जाईल' म्हणजे काय? 'रांग पुढे गेली', 'पत्र पुढे गेले' या वाक्यांत 'पुढे' स्थलवाचक आहे. वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. 'परीक्षा पुढे गेली', 'लग्न पुढे गेले' या वाक्यांत 'पुढे' कालवाचक आहे. घटना रद्द होत नाही, लांबते. कर्ता वस्तू असेल तर एक अर्थ, घटना असेल तर दुसरा. 'पाळी' हा शब्द मात्र दोन्ही आहे. ती हातोहात फिरणारी वस्तू आहे आणि माणसाच्या वाट्यास येणारी घटनाही आहे. त्यामुळे एकाच वाक्यातून 'पाळी हातची गेली' आणि 'पाळी लांबणीवर पडली' असे परस्परविरुद्ध अर्थ सारख्याच अधिकाराने निघतात.

हा भेद केवळ पंडिती नव्हता. सालेकसा संघाचा मालक त्या दिवसांत गावी गेला होता. रोवणी चालू होती. घरचे सगळे बांधीत, आणि गावात मोबाइलला रेंज नाही. दोन दिवसांनी तो परतला तेव्हा त्याची पाळी दुसऱ्यास मिळाली होती, आणि ज्या खेळाडूवर त्याचा डोळा होता तो आमगावने उचलला होता. इतरांनी त्याला कलम दाखविले. त्याने तेच कलम त्यांना दाखविले. शेवटी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, सभा पुढे गेली म्हणजे ती रद्द झाली का?" या पत्रिकेवर याहून नेमकी टीका मी ऐकली नाही.

याच कलमात आणखी दोन छिद्रे आहेत. 'पाळी आल्यावर' हा क्षण कोणता? मागच्या मालकाने निवड जाहीर केल्याचा, की पुढच्यास ती कळल्याचा? शहरात राहणाऱ्यास हे दोन क्षण एकच वाटतात. जंगलालगतच्या गावात राहणाऱ्यास त्यांत दोन दिवसांचे अंतर पडते. दुसरे असे की, 'निवडावा' हे विध्यर्थी रूप मराठीत आज्ञा, उपदेश, इच्छा आणि अनुमती या सर्वांना पुरते. 'रोज थोडे चालावे' हा सल्ला आहे. 'शुल्क सोमवारपर्यंत भरावे' ही आज्ञा आहे. सौजन्यापोटी आपण नियमांत '-आवा' वापरतो, आणि त्याच सौजन्याने नियमाची धार जाते. जेथे बंधन अभिप्रेत आहे तेथे 'निवडलाच पाहिजे', जेथे मुभा अभिप्रेत आहे तेथे 'निवडू शकेल', असा भेद ठेवणे अवश्य आहे.

(४)

सहावे कलम पाळ्यांच्या देवघेवीचे होते : 'कोणत्याही संघाला लागोपाठ दोन हंगामांतील पहिल्या फेरीची पाळी देता येणार नाही.'

या नियमामागे इतिहास आहे. १९८० च्या सुमारास क्लीव्हलँड संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी भावी हंगामांतील पहिल्या फेरीचे हक्क एकामागून एक देऊन टाकले आणि संघाचे भवितव्यच गहाण पडले. परिणामी एन.बी.ए.ने अशा व्यवहारास पायबंद घातला. तो नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अविचारी मालकापासून त्याच्याच संघाचे रक्षण करणे हा त्याचा हेतू. विद्यार्थ्यांनी तो हेतू ओळखून कलम घेतले, हे कौतुकास्पद आहे.

परंतु मराठीत उतरताना ते विभक्तीच्या खोड्यात सापडले. 'मला जाता येत नाही' या वाक्यात '-ला' प्रत्यय करणाऱ्यास लागला आहे. 'त्याला पैसे दिले' या वाक्यात तोच प्रत्यय घेणाऱ्यास लागला आहे. 'देणे' हे क्रियापद 'येणे'च्या शक्यार्थी रचनेत आले आणि दुसरे नाम गाळले गेले की, 'संघाला देता येणार नाही' याचे दोन अर्थ होतात : संघ देऊ शकणार नाही, किंवा संघास कोणी देऊ शकणार नाही. एका मालकाने दुसरा अर्थ धरला आणि आपल्या दोन हंगामांच्या पाळ्या दोन निरनिराळ्या संघांना देऊन टाकल्या. घेणारा संघ प्रत्येक वेळी वेगळा असल्याने नियमभंग झाला नाही, हा त्याचा युक्तिवाद व्याकरणदृष्ट्या बिनतोड होता. ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाच नियमाने मोकळे सोडले.

(५)

नवव्या कलमात दोष वाक्यरचनेचा नाही, संज्ञेचा आहे : 'प्रत्येक संघात १९८० पूर्वीचे किमान दोन खेळाडू असावेत.' सर्व काळांतील खेळाडू एका ठिकाणी आणावयाचे तर असा काही नियम हवाच. एरवी सगळे मालक एकाच दशकावर तुटून पडतील. पण '१९८० पूर्वीचा खेळाडू' कोण? करीम अब्दुल-जब्बार १९६९ मध्ये आला आणि १९८९ मध्ये निवृत्त झाला. तो कोणत्या बाजूस घालावयाचा? १९७९–८० चा हंगाम तर रेषेवरच उभा आहे. आणि नेमका त्याच हंगामात एन.बी.ए.मध्ये तीन गुणांच्या फेकीची रेषा आली. म्हणजे खेळाचा इतिहास जेथे दुभंगला तेथेच नियमाची व्याख्या गप्प राहिली.

मुळात 'खेळाडू' हा शब्दच येथे अपुरा आहे. विल्ट चेंबरलेन याची १९६१–६२ च्या हंगामातील सरासरी सामन्यास ५०.४ गुणांची होती. १९७२–७३ या त्याच्या अखेरच्या हंगामात ती १३.२ वर आली. माणूस एक, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न खेळाडू आहेत. शिवाय अडविलेल्या फेकी आणि हिसकावलेले चेंडू यांची अधिकृत नोंद एन.बी.ए.मध्ये १९७३–७४ पासून सुरू झाली. चेंबरलेन आणि बिल रसेल हे बचावाबद्दल विख्यात. पण त्यांनी अडविलेल्या फेकींचा रकाना कोराच आहे. कोऱ्या रकान्यास संगणकाने शून्य मानावे की अनुमानाने भरावे, हे पत्रिकेत नव्हते. नोंद नसणे आणि कृती नसणे यांतील भेद बोलींचा अभ्यास करणाऱ्यास नवा नाही. झाडीबोलीतील एखादा शब्द कोशात मिळत नाही म्हणून तो बोलीत नाही, असे आपण म्हणत नाही. विद्यार्थ्यांना हा न्याय ठाऊक होता. तो खेळाच्या आकड्यांनाही लागू पडतो, हे त्यांना कोणी दाखवून दिले नाही.

संज्ञेच्या सैलपणाचा लाभ खुद्द एन.बी.ए.मध्येही उठविला गेला आहे. १९४९ ते १९६५ या काळात संघास आपल्या परिसरातील महाविद्यालयाचा खेळाडू पहिल्या फेरीतील हक्क सोडून देऊन आधीच घेता येई. चेंबरलेन शिकला दूर कॅन्ससला. पण तो वाढला फिलाडेल्फियात आणि कॅन्ससला एन.बी.ए.चा संघ नव्हता, म्हणून १९५९ साली फिलाडेल्फियाने त्याच्यावर 'परिसराचा' हक्क सांगितला व तो मान्य झाला. 'परिसर' म्हणजे जन्मगाव की विद्यास्थान, हा प्रश्न शब्दार्थाचा होता. निकालात मात्र एक असामान्य खेळाडू एका संघास मिळाला.

(६)

पत्रिकेतील सर्वांत सरस भाग म्हणजे पाळीच्या क्रमाचे तिसरे कलम. विद्यार्थ्यांनी 'स्नेक पद्धत' असा शब्द वापरला होता. मराठीत 'नागमोडी' हा शब्द तयार असता तो त्यांना सुचू नये, आणि मलाही तो पत्रिका तपासताना सुचू नये, याचे नवल वाटते. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत आठ ते एक, असा हा क्रम. एर्रगुडी येथील अशोकाच्या लेखात काही ओळी अशाच उलटसुलट दिशांनी कोरलेल्या आहेत, हे लिपीच्या अभ्यासकांस ठाऊक आहे.

या क्रमाचा गुण आकड्यांनी स्पष्ट होतो. सरळ क्रमाने चार फेऱ्या झाल्या तर पहिल्या संघास १, ९, १७ आणि २५ या क्रमांकांच्या निवडी मिळतात, बेरीज ५२. आठव्यास ८, १६, २४, ३२, बेरीज ८०. नागमोडी क्रमाने पहिल्यास १, १६, १७, ३२ आणि आठव्यास ८, ९, २४, २५. दोहोंची बेरीज ६६. तथापि बेरीज सारखी झाली म्हणजे न्याय झाला असे नाही, कारण उत्तम खेळाडू थोडे असतात आणि पहिल्या-दुसऱ्या निवडीतील अंतर एकतिसाव्या-बत्तिसाव्यातील अंतराहून कितीतरी मोठे असते.

यावर एक सूक्ष्म उपाय आहे. अ आणि ब असे दोन संघ घेऊ. आठ पाळ्यांचा नागमोडी क्रम 'अ ब ब अ, अ ब ब अ' असा होतो. त्याऐवजी दुसरा अर्धा भाग उलटा करून 'अ ब ब अ, ब अ अ ब' असा क्रम लावला, तर दोघांच्या क्रमांकांची बेरीज १८ राहतेच, शिवाय क्रमांकांच्या वर्गांची बेरीजही दोघांची १०२ होते. साध्या नागमोडी क्रमात ती १०६ व ९८ अशी विषम असते. ही मालिका नॉर्वेचे गणिती अक्सेल थ्यू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अक्षरांच्या पुनरावृत्तीचा विचार करताना अभ्यासिली होती. शब्दांच्या घडणीचा प्रश्न आणि न्याय्य वाटपाचा प्रश्न एका ठिकाणी येऊन मिळावेत, ही गोष्ट आपल्या विभागास तरी मननीय वाटावी.

आरंभीचा क्रम मात्र चिठ्ठीवर सोडावा लागतो. एन.बी.ए.ने १९६६ पासून तळाच्या दोन संघांत नाणे उडविले, १९८५ मध्ये सोडत आणली, १९९० मध्ये दुर्बळ संघास अधिक संधी दिली, आणि मुद्दाम हरण्याची प्रवृत्ती वाढते असे पाहून २०१९ मध्ये तळाच्या तिन्ही संघांची संधी सारखी, प्रत्येकी १४ टक्के, केली. प्रत्येक नियम मागील नियमाच्या पळवाटेचे उत्तर आहे. नियम एकदा लिहून संपत नाहीत, हाच याचा बोध.

(७)

शेवटचा दोष सर्वांत खोल आहे. अकराव्या कलमात 'मालक अडचणीत असल्यास सवलत द्यावी' असे म्हटले होते. सालेकसाच्या विद्यार्थ्याने त्याचा आधार घेतला. इतरांनी चौथ्या कलमाचा. दोन्ही कलमे एकाच वेळी लागू होती आणि कोणते बलवान हे कोठेही सांगितलेले नव्हते. सवलत कोणी द्यावयाची हेही नव्हते, कारण वाक्यात कर्ताच नाही.

नियमांचा नियम असावा लागतो, हे पाणिनीने ओळखले होते. तुल्यबळ सूत्रांचा विरोध आला तर नंतरचे ग्राह्य, असे अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादाचे दुसरे सूत्र सांगते. आणि अपवाद हा उत्सर्गाहून बलवान, हे पुढील वैयाकरणांनी परिभाषांच्या रूपाने मांडले. आम्ही हे वर्गात शिकवितो. तेच शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत एकही परिभाषा नसावी, आणि ती तपासणाऱ्या अध्यापकास तिचा अभाव जाणवू नये, हे आमच्या शिकविण्यावरील भाष्य होय. उलट अंगणातील 'लिंबूटिंबू' पाहा. तीही सवलतच, पण ती कोणाच्या दयेवर अवलंबून नाही. ती एक संज्ञा आहे. संज्ञा लागली की परिणाम ठरलेला.

कोणी म्हणेल की, खेळास एवढा कायदा कशास हवा, समजूतदारपणा पुरे. मित्रमंडळींत तो पुरतोही. परंतु समजूत बहुधा उपस्थितांची होते. जो त्या दिवशी बांधीत वाकलेला असतो, त्याच्या वतीने बोलावयास लिहिलेल्या वाक्यावाचून दुसरे कोणी नसते.

म्हणून ही कलमे पुढीलप्रमाणे असावीत असे सुचवितो. 'खेळाडू म्हणजे एका खेळाडूचा एक हंगाम. हंगामाचे वर्ष म्हणजे तो ज्या वर्षी संपला ते वर्ष.' 'मागील निवड जाहीर झाल्याची वेळ नोंदली जाईल. तेव्हापासून ४८ तासांत मालकाने एक खेळाडू निवडलाच पाहिजे. न निवडल्यास ती पाळी रद्द होणार नाही. ती त्याच फेरीच्या अखेरीस येईल.' 'जो मालक गैरहजेरी आधी कळवील त्यास अनुपस्थित म्हणावे; अनुपस्थित मालकाने आपल्या पसंतीची क्रमवार यादी दिली असल्यास तीतील पहिला शिल्लक खेळाडू त्याने निवडला असे मानले जाईल.' 'कोणताही संघ आपली पहिल्या फेरीची पाळी लागोपाठच्या दोन हंगामांत दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करू शकणार नाही.' 'दोन कलमांत विरोध आल्यास विशेष कलम सामान्य कलमाहून बलवान समजावे. दोन्ही सारखीच असल्यास नंतरचे.'

ही वाक्ये सुंदर नाहीत. त्यांत पुनरुक्ती आहे, आणि 'पुढे' हा सोयीचा शब्द टाळला आहे. साखळी पुन्हा सुरू करण्याचा विद्यार्थ्यांचा विचार असून नव्या पत्रिकेचे लेखन त्यांनी सालेकसाच्या त्याच विद्यार्थ्याकडे सोपविले आहे. ती माझ्याकडे तपासण्यास येईल तेव्हा, प्रत्येक वाक्याचा दुसरा अर्थ प्रथम शोधावयाचा आणि शुद्धलेखनाकडे मग वळावयाचे, असे मी ठरविले आहे. सहाध्यायी व सहाध्यापक यांनीही या कामी आपापल्या सूचना कळवाव्यात, अशी विनंती आहे.